लेकराला झोपेत सोडून निघू नका

दिवाळी सरत आली की आपल्या अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातले कोयते ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, थांबता येत नाही. काही लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात, काही आजीजवळ राहतात. आज मागं राहणाऱ्या लेकरांबद्दल बोलते.

माझा भाचा दोन वर्षांचा होता. पहाटे गाडी आली. रडेल म्हणून आम्ही त्याला उठवलंच नाही. उठल्यावर त्यानं घरभर आई शोधली. कारखान्याचा पट्टा पडल्यावर आई परतली, तर तो तिच्याजवळ जाईना. पुढं दरवर्षी तेच. आज तो सात वर्षांचा आहे. अंथरूण ओलं करतो, भाकरीचा तुकडा उशीखाली लपवतो, शाळेत पोरांना चावतो. एकदा चिडून मीही हात उगारला. तो रडला नाही, फक्त दोन्ही हातांनी डोकं झाकून बसला. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदू फार झपाट्यानं वाढतो. भीती वाटली की छाती धडधडते, अंग ताठ होतं. जवळच्या माणसानं पोटाशी धरलं की ते शांत होतं. पण भीती रोजचीच असेल आणि धरणारं कुणी नसेल, तर लेकराचं शरीर सतत सावध राहतं. मग झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, जरा धक्का लागला की ते मारायला उठतं. आपण त्याला हट्टी म्हणतो.

अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी साडेनऊ हजार माणसांना बालपणाबद्दल विचारलं होतं. १९९८ साली त्यांचा अभ्यास छापून आला. लहानपणी मारहाण सोसलेली, आईला मार खाताना पाहिलेली, घरात दारू असलेली माणसं त्यात होती. असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी व्यसन, उदासी आणि आजारपण जास्त दिसलं. पण हे काही कपाळावर लिहिलेलं नसतं. माया करणारं, शब्द पाळणारं एक जरी मोठं माणूस कायम जवळ असलं, तरी लेकरू सावरतं.

म्हणून एवढं करा. निघताना लेकराला उठवा, सांगा, कुशीत घ्या. रडलं तर रडू द्या. आईचं एखादं लुगडं त्याच्याजवळ ठेवा. फोनची वेळ ठरवा आणि ती चुकवू नका. "पोलीस नेईल", "तुझी आई येणारच नाही" असं गमतीतही म्हणू नका. अंथरूण ओलं केलं म्हणून चारचौघांत लाजवू नका. आजी थकलेली असते, तेव्हा गटातल्या एकीनं रोज घटकाभर त्या घरी जावं. बचतीच्या बैठकीत हप्त्याबरोबर लेकरांचीही विचारपूस व्हावी.

लेकराला मारहाण होत असेल, ते संकटात असेल, तर १०९८ वर फोन करा. मनाचा त्रास मोठ्यांचा असो की लहानांचा, १४४१६ वर मोफत बोलता येतं.

यंदा वहिनीनं निघताना भाच्याला उठवलं. तो खूप रडला. पण रविवारी फोन वाजला, तेव्हा तोच आधी धावला. अंथरूण अजून ओलं होतं. होऊ दे, धुऊ आपण.