गुदवर्ती : एक उपयुक्त औषधप्रकार
(म्हसवड येथील पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे काहींना वाटेल. पण तापाने फणफणलेले मूल पोटातले सारे उलटून टाकत असेल, तर तोंडावाटे दिलेले औषध काय कामाचे? अशा वेळी डॉक्टर गुदद्वारातून द्यावयाची सपॉझिटरी लिहून देतात. वैद्य तिला गुदवर्ती म्हणतात, युनानी हकीम शियाफ. बाळाला शौचास होण्यासाठी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून वापरणाऱ्या आजीबाईंना ही कल्पना नवी नाही. (देठाने नाजूक जागी इजा होते, तेवढे मात्र टाळावे.)

वर्तीची सारी युक्ती वितळण्यात आहे. कोकोच्या बियांचे तूप ३४ ते ३६ अंश सेल्सिअसला वितळते आणि आपले शरीर असते ३७ अंशांवर. म्हणून ती हातात घट्ट राहते, आत विरघळते आणि औषध रक्तात उतरते. त्यातले काही तर यकृताला वळसा घालून जाते. फार्मसीला जाणाऱ्या मुलामुलींनी ध्यानात ठेवावे, हे तूप मंद उष्णतेवर जेमतेम वितळवायचे. जास्त तापवले तर त्याचे स्फटिक बदलतात आणि वर्ती साध्या खोलीतही मऊ पडते. साच्यात ओतलेले मिश्रण गार होताना आक्रसते, म्हणून साचा काठोकाठच्या किंचित वर भरून नंतर वरचा भाग कापतात.

आता आपल्या माणदेशाचे पाहा. उन्हाळ्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो. तुपाची वर्ती बाजाराच्या पिशवीतच वितळायची! नुसती मऊ झाली असेल तर वेष्टनासकट गार पाण्यात धरावी. पण पार वितळून पुन्हा गोठलेली वापरू नये, कारण औषध एका टोकाला बसलेले असते. पॅरासिटामॉलची वर्ती दिली असता त्याच वेळी त्याचेच पातळ औषध पाजू नये. मात्रा दुप्पट होते.

ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीच्या आर्टेसुनेट वर्तीला २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. दूरच्या वस्तीवर लहान मुलाला गंभीर हिवताप झाला, तर ती देऊन लगेच रुग्णालय गाठायचे. वर्तीने वेळ मिळतो, उपचार पुढे व्हावेच लागतात.

दुकानात विचारायला लाजू नका. वर्ती गिळायची नसते, आणि वेष्टन काढूनच वापरायची असते. मुलाला डाव्या कुशीवर निजवावे आणि वर्ती सरकवल्यावर काही मिनिटे ढुंगण दाबून धरावे.