पेंचकाठी आपले स्वागत



फॅटी लिव्हर आणि आहार या विषयावरची परिषद पारशिवनीत भरते आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. आधी आमच्या भागाची थोडी ओळख करून देतो. नागपूर शहर जे पाणी पितं, त्यातलं बरंचसं आमच्या तालुक्यातल्या नवेगाव खैरीच्या धरणातून जातं. छिंदवाडा जिल्ह्यातून निघालेली पेंच नदी तोतलाडोहला अडते, पुन्हा नवेगाव खैरीला अडते, आणि तिथून शहराची तहान भागवते, कालव्यांनी आमचं धानही पिकवते. उद्या सत्रं आटोपली की घोगरा महादेवाला जाऊन या. खडकांमधून वाहणारी पेंच तिथं डोळे भरून पाहा. गोंड बांधवांचं श्रद्धास्थान कुवारा भिवसेन पाहा, कोलितमाऱ्याचं जंगल पाहा.

पण मला सगळ्यांत जिव्हाळा आहे तो आमच्या आठवडी बाजाराचा. पावसाळ्यात जंगलाकडच्या गावांतल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन येतात. तरोटा, काटवल, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, नशिबात असलं तर सात्या म्हणजे रानातली अळिंबी. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा, आंबाडी. एका बाजूला जवस आणि ज्वारी, दुसरीकडे ढिवर बांधवांनी आणलेली ताजी मासळी. या बायांची नावं कुठल्या स्मरणिकेत छापली जात नाहीत. तालुक्याचं पोषण मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच केलं आहे. आजच्या व्यासपीठावरून पहिला नमस्कार त्यांना.

विषयावर मी अधिकाराने काय बोलणार? डॉक्टरांकडून समजलं तेवढं सांगतो. लिव्हरमध्ये 5 टक्क्यांहून जास्त चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाला तो होतो, अंगाने बारीक असलेल्यालाही होतो. आमच्याकडे मात्र रिपोर्ट हाती आला की शेजारी आधी दारूचंच विचारतात. एखाद्या माउलीला हे ऐकावं लागतं तेव्हा जीव तुटतो. साखरेतल्या जास्तीच्या फ्रुक्टोजचं लिव्हर चरबीत रूपांतर करतं. दिवसभराचा गोड चहा, बाटलीबंद शीतपेयं, तळलेलं खाणं, ताटात दोन्ही वेळा भाताचा डोंगर आणि वरण नावापुरतं, हे आता घरोघरी दिसतं. वजन जास्त असलेल्याने ते 7 ते 10 टक्के उतरवलं तर लिव्हरची सूजही उतरते, असं तज्ज्ञ सांगतात. 2021 मध्ये केंद्र सरकारने हा आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, हे योग्यच झालं.

आता व्यवस्थेबद्दल. आपली उतरण्याची सोय शाळेच्या खोल्यांत केली आहे. गाद्या पातळ आहेत, आंघोळीच्या गरम पाण्याला रांग लागेल, रात्री वीज गेली तर जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागेल. या सगळ्यांबद्दल हात जोडून क्षमा मागतो. काही कमी पडलं तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. रात्री-अपरात्री उठवलं तरी चालेल. जेवणात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, जवसाची चटणी आणि पालेभाजी आहे. गोडधोड मुद्दाम ठेवलेलं नाही, राग मानू नका.

ज्यांनी मंडप दिला, न मागता ज्वारीची पोती पाठवली, घरचे पलंग आणून टाकले, ट्रॅक्टरने पाण्याच्या टाक्या पोचवल्या, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. नावं घेऊ नका, असा त्यांचाच आग्रह आहे. भाकरी थापणाऱ्या बचतगटाच्या भगिनी पहाटेपासून चुलीपुढे आहेत. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत.

तज्ज्ञ मंडळींना एकच विनंती. पुस्तकात ऑलिव्ह तेल आणि मेडिटेरेनियन आहार असतो. पारशिवनीच्या पेशंटला तो कुठून मिळणार? कडधान्य, मासळी, पालेभाज्या आमच्या बाजारातही आहेत, आणि ओमेगा-3 आमच्या जवसातही आहे. परिषद संपण्याआधी या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंचा, भात किती आणि भाकर किती हे सांगणारा, एका पानाचा आहारतक्ता मराठीत लिहून द्या. आशाताई तो घरोघरी नेतील, छपाईचा खर्च स्वागत समिती करेल.