वसतिगृह आपले कधी होते?



प्रवेश मिळाला म्हणजे विद्यापीठ आपले झाले, असे होत नाही. खेड्यातून आलेला मुलगा पहिले काही दिवस भोजनगृहात कोपऱ्यातली जागा शोधतो. वर्गातले इंग्रजी समजत नाही, हे सांगण्याचा त्याला संकोच वाटतो. दिवाळीच्या सुटीत घरी गेलेला असा एखादा विद्यार्थी परत येतच नाही. हजेरीपटापलीकडे त्याची नोंदही कोठे राहत नाही.

परकेपणाचा हा अनुभव कर्मवीर भाऊराव पाटील यांना विद्यार्थिदशेतच आला होता. कोल्हापुरात शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना स्वतःचे वसतिगृह सोडावे लागले. पुढे १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, ते सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. तेथे मुले एकत्र राबत आणि एकाच पंगतीला बसत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राचे सोनेही मुलांच्या जेवणासाठी खर्ची पडले. पुढे १९४७ मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा व शिका' हेच सूत्र राहिले, आणि २०२१ मध्ये याच महाविद्यालयासह साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाचे समूह विद्यापीठ स्थापन झाले.

'कमवा व शिका' योजना आज राज्यातील अनेक विद्यापीठांत आहे. तीमुळे गरजू विद्यार्थ्यांना आधार मिळतो, यात शंका नाही. मात्र साताऱ्याच्या वसतिगृहात काम सर्वांच्याच वाट्याला होते. म्हणून हाती खराटा असणे ही गरिबीची खूण ठरत नव्हती. काही मुले बागेला पाणी घालत आहेत आणि बाकीची वाटेने जाता जाता पाहत आहेत, असे दृश्य असेल तर दोन पैसे हाती पडतील. सोबती मिळतीलच असे नाही. योजनेच्या अहवालात कामाचे तास भरतात. हा फरक त्यात भरण्यासाठी रकाना नसतो.

भोजनगृहाच्या समितीवर बहुधा जुनेजाणते विद्यार्थीच घेतले जातात. पहिल्या महिन्यातच एखाद्या नवागताकडे भाजीखरेदीचा हिशेब सोपवून पाहण्यास वसतिगृह-अधीक्षकांना कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.