रंग पिवळा, आंबा आंबट

आजचा भाग आंब्याच्या रंगावर, आणि सुरुवात माझ्या फजितीने.

पहिला पगार झाला तेव्हा मी आजीसाठी अक्षय्य तृतीयेला हापूसची पेटी नेली. सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक. आजीने एक उचलला, देठापाशी वास घेतला आणि काही न बोलता खाली ठेवला. कापला, तर बाठीजवळ गर पांढरट आणि आंबट. मी ओशाळलो. आजी एवढंच म्हणाली, "बाळा, आंबा डोळ्यांनी नाही, नाकाने घ्यायचा असतो."

हे असं का होतं? ऐका.

कैरी हिरवी दिसते ती क्लोरोफिलमुळे. आंबा पिकायला लागला की तो स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतो. हा वायू म्हणजे फळाला मिळालेला निरोप, की चला, वेळ झाली! मग एकाच वेळी बरीच कामं सुरू होतात. सालीतलं क्लोरोफिल मोडतं. कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-केशरी द्रव्यं वाढतात आणि दिसायला लागतात. गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटीन त्यातलंच. आत स्टार्चची साखर होते, आंबटपणा उतरतो, गर मऊ पडतो आणि घमघमाट सुटतो.

आता गंमत बघा. रंग हे या कामांपैकी फक्त एक काम आहे. कोवळाच आंबा उतरवला तर त्यात पुरेसा स्टार्च भरलेलाच नसतो. त्याला बाहेरून वायू दिला की साल पिवळी होते, पण गोडी येणार कुठून?

कॅल्शियम कार्बाइडचा खेळ हाच. त्याला ओल लागली की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि तो इथिलीनची नक्कल करतो. शिवाय बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. म्हणून आपल्याकडे कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायू वापरायला मात्र 100 पीपीएमपर्यंत परवानगी आहे, कारण तो फळाचा स्वतःचाच निरोप आहे.

माझ्या पेटीत कार्बाइड होतं की आंबे कोवळे उतरवले होते, हे आता मला सांगता येणार नाही. पण चूक माझीही होती, मी फक्त रंग बघितला. उलटंही होतं बरं का! लंगडा पिकला तरी हिरवाच राहतो. रंगावर गेलात तर चांगला आंबा हातचा जाईल.

आजीची अढी आठवते? पेंढ्यात आंबे ठेवले की त्यांचाच वायू तिथे कोंडतो आणि ते एकमेकांना पिकवतात. फ्लॅटमध्ये पेंढा नसेल तर तयार पण कच्चे आंबे कागदी पिशवीत ठेवा, सोबत एक पिकलेलं केळं टाका. केळंही इथिलीन सोडतं. रोज उघडून बघा, चार दिवस धीर धरा.

यंदा मी पेटी घेताना प्रत्येक आंब्याचा वास घेतला. दुकानदार वैतागला. आजीने मात्र दुसरी फोड मागून घेतली!

भेटू पुढच्या भागात. तोवर नाक उघडं ठेवा.