व्होलाटाइल लावलं की झालं?

बिबवेवाडीतून बोलतोय. इथे अप्परला व्हीआयटी आहे, त्यामुळे चहाच्या टपरीवरही अर्डुइनोच्या गप्पा कानावर पडतात. त्यात एक सल्ला हमखास असतो: "व्हेरिएबलला व्होलाटाइल लाव, चालेल." आज बघू, हा सल्ला कुठे खरा आणि कुठे घात करतो.

सीच्या १९८९ च्या स्टँडर्डमध्ये आलेला हा शब्द कंपायलरला एवढंच सांगतो: ही व्हॅल्यू तुझ्या नजरेआड बदलू शकते, म्हणून कोडमध्ये जितक्यांदा वाचलीय तितक्यांदा खरंच वाच. हार्डवेअरचं रजिस्टर, इंटरप्टमध्ये बदलणारा फ्लॅग, यांना तो हवाच. नाहीतर ऑप्टिमायझेशन चालू केलं की कंपायलर फ्लॅग एकदाच वाचून मोकळा होऊ शकतो आणि लूप कायमचा अडकतो.

पण दोन गोष्टी तो देत नाही.

एक, काम एका दमात होण्याची हमी. अर्डुइनो उनोची मूळ चिप ८ बिटची. १६ बिटचा काउंटर ती दोन तुकड्यांत वाचते. २५५ चा २५६ होताना मध्येच इंटरप्ट आला, तर चक्क ५११ मिळू शकतो! म्हणून वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद करायचे.

दोन, थ्रेड्समधला क्रम. समजा, एका थ्रेडने डेटा भरला आणि मग 'तयार' हा व्होलाटाइल फ्लॅग वर केला. डेटा साधा असेल तर कंपायलर तो फ्लॅगनंतरही लिहू शकतो. एआरएमसारखे प्रोसेसरही क्रम बदलतात. दुसऱ्या थ्रेडला फ्लॅग नवा दिसतो, डेटा जुनाच.

गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कंपायलर इंटेलच्या मशीनवर डीफॉल्टने ही जादा हमी देतो, एआरएमवर देत नाही. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर मस्त चाललेला कोड एआरएमच्या मशीनवर कधीतरीच फसणार. असे बग शोधताना रात्री जातात. जावावाल्यांनीही सांभाळा: जावा ५ पासून तिथे याच शब्दाला क्रमाची हमी आहे, सीमध्ये नाही.

मग उपाय? २०११ च्या सी स्टँडर्डने ॲटॉमिक टाइप दिलेत. थ्रेड्ससाठी ते वापरा, नाहीतर सरळ म्युटेक्स लावा.

आज आपल्या कोडमध्ये व्होलाटाइल सर्च करा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, ही व्हॅल्यू बदलतंय कोण? हार्डवेअर किंवा इंटरप्ट असेल, तर राहू द्या. दुसरा थ्रेड असेल, तर बदला. भेटू पुढच्या भागात!