मैदानावरचा कामगार आणि त्याचे मन



कार्यवाहांचे पत्र आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी नव्या कामगार संहितांवर बोलावे. त्याऐवजी हा विषय मी हट्टाने मागून घेतला. विडी कामगारांच्या मोर्च्यांत घसा बसवून घेणारा हा गृहस्थ फुटबॉलवर काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल, आणि ती रास्त आहे. मी जन्मात फुटबॉल खेळलो नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि आईशेजारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळू लागलो. पुढे संघटनेचे काम अंगावर पडले, आणि वाचनालयाच्या आधाराने जे चार शब्द शिकलो तेवढीच माझी विद्या. तरी हा विषय घेण्याला एक कारण घडले, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेची एक सभासद, विड्या वळणारी बाई, कार्यालयात आली. तिचा मुलगा फुटबॉल खेळत असे. शाळेच्या मैदानावरून तो नागपूर-कामठीच्या सामन्यांत गेला आणि तेथून मुंबईच्या एका व्यावसायिक संघात. तो मुंबईला निघाला त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले होते. मीही खाल्ले होते. तिसऱ्या हंगामात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, पण करार संपत आला होता, तो कोणी पुढे वाढवला नाही. दोन महिन्यांचा पगारही राहिला. मुलगा घरी आला तो खोलीतून बाहेर पडेना. रात्रभर जागा, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला. आई म्हणाली, "भाऊ, पोराले काय झालं समजत नाही जी. जेवतबी नाही. तुमी एकडाव समजावून पाहा."

मी गेलो, आणि जे बोललो ते सांगताना आजही लाज वाटते. मी म्हणालो, "अरे, तुझी आई या वयात दिवसाला हजार विड्या वळते, आणि तू धडधाकट गडी अंथरूण धरून बसतोस? गुडघा बरा झाला ना? मग ऊठ, कामाला लाग." त्याने मान हलवली. मला वाटले, काम झाले. चौथ्या दिवशी पहाटे घरच्यांनी त्याला वेळेवर गाठले म्हणून तो आज आहे. याहून अधिक त्याविषयी बोलणार नाही.

हे भाषण ठरल्यावर मी त्याला विचारले, तुझी गोष्ट सांगू का? तो म्हणाला, "सांगा, पण नाव घेऊ नका. अन् मी एकेचाळीस सामने खेळलो तेबी सांगा. नुसतं गुडघ्याचंच नका सांगू." तेव्हा सांगतो, तो एकेचाळीस सामने खेळला.

त्या पहाटेनंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. जगातील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनांचा एक महासंघ आहे, फिफप्रो त्याचे नाव. तो १९६५ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला. या महासंघाने २०१५ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. पुतण्याने ती फोनवर काढून दिली आणि मी शब्दकोश शेजारी ठेवून पंधरा दिवस वाचली. ६०७ खेळत्या आणि २१९ निवृत्त खेळाडूंना प्रश्न विचारले होते. खेळत्यांपैकी ३८ टक्क्यांनी आणि निवृत्तांपैकी ३५ टक्क्यांनी उदासी व चिंतेची लक्षणे सांगितली. घातक मद्यपान खेळत्यांत ९ टक्के, तर निवृत्तांत २५ टक्के. ज्यांना तीन किंवा अधिक गंभीर दुखापती झाल्या, त्यांच्यात मनाचे त्रास दुपटीपासून जवळजवळ चौपटीपर्यंत अधिक. ही लक्षणे खेळाडूंनी स्वतः सांगितलेली आहेत, डॉक्टरांनी तपासून काढलेला तो निष्कर्ष नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी दर तिघांत एकाहून अधिक, हे प्रमाण कोणत्याही कारखान्यात आढळले असते तर आम्ही फाटकाशी सभा घेतली असती.

यावर लोक मला म्हणतात, लाखो रुपये मिळवणाऱ्यांना कसले आले दुःख? याच महासंघाने २०१६ साली ५४ देशांतील सुमारे १४,००० खेळाडूंची पाहणी केली. त्यांत ४५ टक्क्यांची मिळकत महिन्याला हजार डॉलरांच्या आत होती, आणि ४१ टक्क्यांना मागील दोन हंगामांत पगार उशिरा मिळाला होता. आपण दूरचित्रवाणीवर पाहतो ते मूठभर. बाकीचे तुमच्या-आमच्यासारखे महिनाअखेरीची वाट पाहणारे.

आपल्या राज्यात काय घडले ते पाहू. एके काळी मुंबईत मफतलाल, ऑर्के अशा गिरण्यांचे संघ होते. टाटा, रेल्वे, एअर इंडिया, बँका यांचेही होते. खेळाडूला तेथे नोकरी असे. तो दुपारनंतर सरावाला जाई, आणि बूट खुंटीला टांगले तरी हजेरीपटावरचे नाव राहत असे. पगार फार नव्हता. पण गुडघा गेला म्हणून चूल विझत नसे. पुढे व्यावसायिक फुटबॉल आले. पगार वाढले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र पाठीमागची नोकरी गेली आणि हाती करार राहिला. तोही एकदोन हंगामांचा. मुंबईचा महिंद्र संघ १९६२ सालचा. त्याने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली तो बंद करण्यात आला. पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी गिरणीचा संघ पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता; तो २०११ साली गेला. त्यानंतर पुणे एफसी, शिवाजियन्स, मुंबई एफसी आणि २०१९ साली एफसी पुणे सिटी, असे एकामागून एक संघ मिटले. गिरणी बंद पडली तर निदान वर्तमानपत्रांत चार दिवस चर्चा होते. संघ बंद पडला की रंगीत सदरे दुकानात स्वस्तात मिळतात, इतकेच. २०१७ साली सप्टेंबरात आपल्या सरकारने राज्यभरच्या मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळायला लावले, शाळांना चेंडू वाटले. हेतू चांगला होता. पण चेंडूमागे धावणाऱ्या त्या पोराने पुढे या खेळावर पोट भरायचे ठरवले, तर त्याचे काय होणार, हे त्या दिवशी कोणी सांगितले नाही.

इथवर ऐकून आपण म्हणाल, हा सगळे खापर मालकांवर फोडणार. मलाही तसेच वाटत होते. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, ते मला म्हणाले, "सगळ्याच दुखण्यांना मालक सापडत नाही." त्यांचे म्हणणे मला पटवले ते रॉबर्ट एन्के याच्या गोष्टीने. हा जर्मनीचा गोलरक्षक, देशाच्या संघातून आठ सामने खेळलेला, हानोफर संघाचा कप्तान. पैसा होता, कीर्ती होती, बापही मानसोपचार जाणणारा. २००३ सालापासून त्याला अधूनमधून तीव्र औदासीन्याचे झटके येत. २००६ साली त्याची लहान मुलगी हृदयविकाराने वारली. पुढे त्याने एक मुलगी दत्तक घेतली. १० नोव्हेंबर २००९ रोजी, बत्तीसाव्या वर्षी, त्याने आपले जीवन संपवले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पत्नीने वार्ताहरांसमोर येऊन सांगितले की, रोग उघडा पडला तर खेळ जाईल आणि दत्तक मुलगीही काढून घेतील, या भीतीने त्याने तो लपवला होता. हानोफरच्या मैदानावर त्याला निरोप द्यायला सुमारे चाळीस हजार माणसे जमली. मैदान तेच होते, आणि त्याच मैदानावर इतकी वर्षे त्याला आपले दुखणे बोलता आले नव्हते.

माझे बोलणे या लपवण्याविषयी आहे. दुखणे कोठूनही येवो, रक्तातून, घरातून, शोकातून. ते लपवावे लागते ते मात्र कामाच्या जागेमुळे. आपल्या जिल्ह्यातील बायांना हे मी समजावून सांगायला नको. विडी कारखान्यात माल देताना तपासणारा कट्टे उलगडतो आणि नापसंत विड्या बाजूला काढतो. त्याला आपण छाट म्हणतो. छाटीची मजुरी नाही. छाटीचे तंटे इतके होत की १९६६ च्या विडी कामगार कायद्यात त्यांच्या निवाड्याची तरतूद करावी लागली होती. (तो कायदा २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या संहितांत विलीन झाला, तो विषय मोठा, पुन्हा कधीतरी.) माझ्या आईची नजर मंदावली तेव्हा तिने ते दोन वर्षे कळू दिले नाही. चष्मा घरी लावायची, कारखान्यात जाताना पदरात बांधायची. का, तर डोळे गेले असे कळले की छाट वाढेल. एन्केही चष्मा पदरात बांधून गोलासमोर उभा होता. आमचा मुलगाही तेच करीत होता. गुडघा दुखावण्याच्या आधी चार महिने त्याला झोप नव्हती, हे त्याने मला नंतर सांगितले. प्रशिक्षकाला का नाही बोललास? तर म्हणाला, "बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी बाकावर बसवलं असतं."

मनाचे दुखणे आणि काम यांचा संबंध जोडला की काहीजण हसतात. त्यांनी तुमसरच्या बाजूला पाहावे. चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज आपल्याला ठाऊक आहे. या धातूची धूळ फार दिवस फार प्रमाणात श्वासावाटे शरीरात गेली तर मज्जासंस्थेला बाधा होते. आरंभी माणूस चिडचिडा होतो, उगाच हसतो, उगाच रडतो. हातापायांचा कंप आणि चालीतला फरक मागाहून दिसतो. दक्षिण अमेरिकेत चिलीच्या खाणकामगारांत याला मँगनीजचे वेड असेच म्हणत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात व्यवसायजन्य रोगांची यादी होती, तीत मँगनीजमुळे होणारे रोग होते. म्हणजे कामामुळे माणसाचा स्वभाव बिघडू शकतो, हे कायद्याने मान्य केलेले आहे. मात्र त्याला धूळ दाखवावी लागते. झोप उडवणारी अनिश्चितता सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, म्हणून तिची नोंद कोणत्याच रकान्यात नाही.

अलीकडची दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. करोनाच्या साथीत २०२०-२१ साली इंडियन सुपर लीगचे सर्व ११५ सामने गोव्यातील तीन मैदानांवर, प्रेक्षकांवाचून झाले. खेळाडू महिनोन्‌महिने हॉटेलातून मैदानात आणि मैदानातून हॉटेलात. पुढच्या हंगामातही बहुतेक तेच. सोन्याचा असला तरी पिंजरा. दुसरे २०२५ सालचे. फुटबॉल महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील करार संपत आला, नवा होईना, म्हणून जुलैत हंगामच थांबवण्यात आला आणि काही संघांनी पगार रोखले. स्पर्धा सुरू झाली ती २०२६ च्या फेब्रुवारीत. मधल्या सात महिन्यांत देशाच्या संघातील नामवंतांनादेखील उघडपणे विनवणी करावी लागली. नामवंतांची ही गत, तर दुसऱ्या फळीतल्याने कोणाकडे पाहावे?

त्याने संघटनेकडे पाहावे, असे मी म्हणेन. आणि हे माझ्या धंद्याचे बोलणे आहे, हे मान्य करतो. इंग्लंडमधील फुटबॉलपटूंची संघटना १९०७ साली मँचेस्टरला स्थापन झाली. आठवड्याला वीस पौंडांहून अधिक पगार देऊ नये हा तिथला नियम तिने १९६१ साली संपाच्या धमकीने मोडून काढला. आपल्याकडे २००६ साली बायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना निघाली. तिच्यापुढे पगाराचे तंटेच इतके की मनाच्या दुखण्यापर्यंत पोचायला वेळ लागेल. पण मागणी साधी आहे. गुडघ्याला जितकी पगारी रजा, तितकी मनाला द्या. आणि त्या रजेत करार मोडता येणार नाही, असे करारातच लिहा. एवढे लिहिले तरी निम्मे लपवणे थांबेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांवर बंधन घातलेच आहे की, शरीराच्या आजाराप्रमाणे मनाच्या आजारालाही विमा द्यावा. मग संघांना का नको?

आपल्यापैकी कोणाच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली असेल, आणि ती खेळाडूच असली पाहिजे असे नाही, तर मी केले तसे व्याख्यान देऊ नका. शेजारी बसा आणि डॉक्टरांकडे न्या. नागपूरचा पागलखाना म्हणून आपण ज्याची चेष्टा करतो तेही शेवटी रुग्णालयच आहे. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. तो आमच्या कार्यालयाच्या दारावर खडूने लिहिला आहे, पावसात पुसला की पुन्हा लिहितो.

मुलाच्या थकलेल्या पगाराचे पत्र आम्ही तीनदा पाठवले, उत्तर नाही. तो हल्ली एका संस्थेत लहान मुलांना फुटबॉल शिकवतो. औषध चालू आहे. महिन्यातून दोन-तीन दिवस तो येत नाही. त्या दिवशी दुसरे मास्तर शिटी वाजवतात आणि मुले काही विचारीत नाहीत. त्या दिवसांची मजुरी कापायची नाही, असे मी चिटणीसांकडून तोंडी कबूल करून घेतले आहे. लेखी मात्र अजून मिळालेले नाही, ते पुढच्या महिन्यात मागणार आहे.