मागच्या पानावरील बारीक अक्षरे

(विहारातील वर्षावासाच्या वाचनवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्तमानपत्र हाती आले म्हणजे आपण पहिल्या पानावरील ठळक मथळे वाचतो, अग्रलेख कोणी वाचून दाखविला तर ऐकतो, आणि मागच्या पानावर बारीक अक्षरांत दाटीवाटीने जो मजकूर छापलेला असतो त्याकडे ढुंकूनही न पाहता त्याच कागदात भाकरी बांधतो. त्या मजकुरात जाहिराती असतात, लिलावाच्या नोटिसा असतात, अमुक जमिनीवर कोणाचा हक्क असल्यास अमुक दिवसांत कळवावे अशी जाहीर सूचना असते. आज मी तुमच्याशी त्या पानाविषयीच बोलणार आहे. मात्र माझी उदाहरणे बहुतांशी अमेरिकेच्या दक्षिण भागातील, कापूस पिकविणाऱ्या मुलखातील आहेत. परमपूज्य बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले, आणि त्या समाजाची व आपली स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास आपल्याला आवश्यकच होय, असे कळविले. त्या अभ्यासाचा एक लहानसा धडा म्हणून हे ऐका.

दक्षिणेत प्रत्येक कौंटीचे, म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारख्या विभागाचे, आपले एक साप्ताहिक असे. त्यात खेचरांची विक्री, खताची आणि सरकीची जाहिरात, शिवणयंत्र, ताकदीची औषधे, आणि कोर्टाच्या दारात होणाऱ्या लिलावांची यादी असा मजकूर येई. जॉर्जिया राज्याच्या शेतीखात्याने तर 1917 पासून शेतकऱ्यांच्या जाहिराती फुकट छापणारे खास पत्रच काढले. कोंबड्या, बियाणे, फुलझाडांचे कंद यांची देवघेव त्यातून होई. ही सोय चांगलीच होती. परंतु ज्याच्याजवळ विकण्यासारखे स्वतःचे काही नाही, अर्ध्या वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या अशा माणसाला फुकट जाहिरातीचा उपयोग किती, हे तुम्हाला सांगावयास नको.

त्या पानाचा जुना इतिहास मात्र भयंकर आहे. गुलामगिरीच्या काळात पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती तेथे नियमाने येत. पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सनने 1804 साली टेनेसीतील वर्तमानपत्रात अशीच जाहिरात दिली होती. गुलाम पकडून आणणारास पन्नास डॉलर, आणि त्याला जो कोणी फटके मारील त्याला दर शंभर फटक्यांमागे दहा डॉलर अधिक, तीनशे फटक्यांपर्यंत! ही भाषा कोणा गुंडाची नव्हे; ती पैसे भरून, उजळ माथ्याने छापून घेतलेली आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसननेही 1769 साली व्हर्जिनियातील पत्रात आपल्या पळालेल्या गुलामाची जाहिरात दिली. तीत तो माणूस चांभारकाम जाणतो, सुतारकामही थोडेफार करतो, डावरा आहे, हे सारे नोंदलेले आहे. पाहा, ज्याला माणूस मानावयाचे नाही त्याच्या हातातील कसबाची यादी मात्र मालकाने बारकाईने छापली. अशा जाहिराती उलट्या बाजूने वाचल्या म्हणजे गुलामांचाच इतिहास हाती येतो: कोण कारागीर होता, कोणाला लिहितावाचता येत होते, कोण बायकोच्या ओढीने कोणत्या गावाकडे पळाला असावा. पुढे इतिहासकारांनी त्या तशाच वाचल्या.

1865 साली गुलामगिरी संपली. पान तेच राहिले, आणि जुन्या मालकांची सवयही राहिली. करार मोडून निघून गेलेल्या वाटेकऱ्याचे नाव छापून, याला कोणी कामावर ठेवू नये अथवा आश्रय देऊ नये, ठेवल्यास कायद्याप्रमाणे इलाज केला जाईल, अशा नोटिसा शेतमालक देऊ लागले. दुसऱ्याचा मजूर फितवून नेणे हा गुन्हा ठरविणारे कायदे दक्षिणेतील राज्यांनी केलेलेच होते. माणूस स्वतंत्र झाला, पण त्याच्या पाठीमागे नोटीस धावतच राहिली.

परंतु याच काळात त्या लोकांनी त्याच साधनाचा आपल्यासाठी जो उपयोग केला, तो माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत हृदयस्पर्शी भाग होय. लिलावात आई एका राज्यात विकली गेली, मुलगा दुसऱ्या राज्यात, बाप कोठे गेला हे कोणालाच ठाऊक नाही, अशी लाखो कुटुंबे होती. न्यू ऑर्लिन्स येथून निघणाऱ्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट’ या मेथॉडिस्ट पंथाच्या पत्रात 1879 पासून ‘हरवलेली माणसे’ अशा अर्थाचे एक सदर सुरू झाले. पन्नास सेंट भरून मुक्त झालेली स्त्री आपल्या आईचे नाव, भावंडांची नावे, आपल्याला कोणी कोणाकडून विकत घेतले, कोणत्या गावी शेवटची भेट झाली, हे त्यात छापवीत असे. मालक बदलला की आडनाव बदले. म्हणून आपल्या माणसाचा माग काढण्यासाठी बिचारीला जुन्या मालकांची नावे एकामागून एक सांगावी लागत. ज्यांनी घर मोडले त्यांच्याच नावांनी घर शोधावयाचे! आणि वाचता येणारे थोडे असल्यामुळे धर्मोपदेशकांनी या जाहिराती व्यासपीठावरून मोठ्याने वाचून दाखवाव्यात अशी विनंती त्या सदरात असे. प्रार्थना झाली की सभा कान देऊन ऐके. वीस-तीस वर्षांनी भेटलेली काही माणसे त्यातून सापडली. बहुतेक सापडली नाहीत. तरी सदर पुष्कळ वर्षे चालले.

आता मी तुम्हाला मिसिसिपी राज्यातील याझू सिटी या गावी नेतो. 1954 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदेशीर ठरविल्या. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात याझू सिटीतील 53 कृष्णवर्णीय पालकांनी व नागरिकांनी, आमच्या मुलांनाही त्या शाळांत घ्या, असा साधा, कायदेशीर अर्ज शिक्षण मंडळाकडे केला. गोऱ्यांच्या ‘नागरिक परिषदे’ने यावर काय केले? दगड मारला नाही की घर जाळले नाही. तिने गावच्या वर्तमानपत्रात पूर्ण पानाची जाहिरात दिली, आणि तीत त्या 53 जणांची नावे व पत्ते छापले. धमकीचा एक शब्दही लागला नाही. नळकाम करणाराची गिऱ्हाइके तुटली. किराणा दुकानदाराला घाऊक व्यापाऱ्यांनी माल देणे बंद केले. नोकरी करणारांच्या नोकऱ्या गेल्या. एकेक जण शिक्षण मंडळाकडे जाऊन आपले नाव मागे घेऊ लागला, आणि शेवटी यादीत दोनच नावे उरली. ती दोन माणसे गाव सोडून निघून गेली होती.

नावे मागे घेणारांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे असे मला वाटत नाही. मेलेले ढोर ओढणे सोडल्यावर गावाने किराणा, दळण आणि पाणी बंद केलेले ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सोसले, त्यांना त्या जाहिरातीचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बहिष्काराला छापखाना मिळाला म्हणजे दवंडी पिटण्याचाही त्रास उरत नाही, एवढाच काय तो फरक.

याझू सिटीत जे खासगी परिषदेने पैसे भरून केले, ते सात वर्षांनी मिसिसिपी राज्याने कायद्याने केले. 1962 साली तेथील विधिमंडळाने असा नियम केला की, मतदार म्हणून नाव नोंदविण्यास जो अर्ज करील त्याचे नाव स्थानिक वर्तमानपत्रात दोन आठवडे छापले जावे, आणि त्याच्या नीतिमत्तेविषयी कोणाही मतदाराला हरकत घेता यावी. नियमाच्या मजकुरात रंगाचा उल्लेख कोठेही नाही; गोऱ्यालाही तो लागू होताच! पण गोऱ्याचे नाव छापून आले तर त्याची बाकी कोण मागणार होता? काळ्या मजुराचे नाव छापून आले की मळेवाला, सावकार आणि दुकानदार या तिघांनाही एकाच दिवशी वर्दी मिळे. त्याच वर्षी 31 ऑगस्ट रोजी फॅनी लू हेमर ही शेतमजूर स्त्री इंडियानोला येथे नाव नोंदविण्यास गेली. तिचे नाव छापून येण्याचीही वाट कोणी पाहिली नाही. अर्ज मागे घे, नाही तर मळा सोड, असे तिला परत येताच बजावण्यात आले. अठरा वर्षे ज्या मळ्यावर राबली तो तिने त्याच रात्री सोडला. पुढे ती साऱ्या देशाला ठाऊक झालेली पुढारी बनली. 1965 च्या मतदान हक्क कायद्याने असल्या अडवणुकीचा बराचसा कणा मोडला. ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशा नोकरीच्या जाहिरातींना त्याच्या आदल्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्याने बंदी घातली.

येथवर नोटिशीने माणसे कशी उघडी पाडली ते पाहिले. दुसरा प्रकार याच्या नेमका उलट आहे, आणि जमीनजुमला असलेल्या कुटुंबांनी तो अधिक लक्षपूर्वक ऐकावा. या प्रकारात नोटीस छापली जाते ती कोणी वाचू नये म्हणूनच की काय, असे वाटते.

1920 च्या गणनेत अमेरिकेत कृष्णवर्णीय शेतकरी सुमारे 9 लाख 25 हजार होते. 1997 च्या शेतीगणनेत ते 20 हजारांहूनही कमी भरले. याला कारणे पुष्कळ: कापसावरची कीड, यंत्रे, कर्ज नाकारणाऱ्या कचेऱ्या, उघड दांडगाई. पण एक कारण कागदाचे आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या पूर्वजांनी पोटाला चिमटा घेऊन जमीन घेतली, मृत्युपत्र मात्र केले नाही. कोर्टकचेरीवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो का नव्हता हे उघड आहे. दोन-तीन पिढ्यांत एका तुकड्याचे तीस-चाळीस वारस झाले. कोणी शिकागोला, कोणी डेट्रॉइटला. मग एखादा सट्टेबाज त्यांतील एकाच वारसाचा चिमूटभर हिस्सा विकत घेई, वाटणीचा दावा लावी, आणि जमीन तुकड्यांनी वाटता येत नाही असे दिसले म्हणजे कोर्ट साऱ्याच जमिनीच्या लिलावाचा हुकूम देई. ज्या वारसांचा पत्ता माहीत नाही त्यांना नोटीस कशी द्यावयाची? कौंटीच्या वर्तमानपत्रात छापून. ते पत्र शिकागोच्या कारखान्यात कोण वाचतो? लिलाव कोर्टाच्या पायरीवर होई आणि जमीन कवडीमोलाने जाई.

1950 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की, ज्यांचे पत्ते ठाऊक आहेत त्यांना नुसती वर्तमानपत्रातील नोटीस पुरेशी नाही. परगावच्या पत्राच्या मागील पानावरची बारीक अक्षरे नेमकी ज्याची त्यालाच दिसणे ही केवळ योगायोगाची गोष्ट होय. तत्त्व उत्तम आहे; परंतु ज्याचा पत्ताच कोणी शोधला नाही त्याला त्याचा लाभ काय? वारसांच्या सामाईक जमिनीला संरक्षण देणारा नमुना कायदा तयार होण्यास 2010 साल उजाडले. जॉर्जियाने तो 2012 साली स्वीकारला, नंतर दक्षिणेतील इतर काही राज्यांनी.

न्याय मिळाला तेव्हाही नोटिशीनेच दगा दिला. सरकारी शेतीकर्जांत भेदभाव झाल्याचा कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा ‘पिगफर्ड’ या नावाने गाजलेला दावा 1999 साली तडजोडीने सुटला. बहुतेकांना पन्नास हजार डॉलर मिळावयाचे होते. वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून सूचना दिल्या गेल्या. सुमारे 22 हजार दावे विचारात घेतले गेले, आणि मुदत टळल्यावर आलेले अर्ज होते 60 हजारांहून अधिक! कित्येकांचे म्हणणे एकच होते: आम्हाला कळलेच नाही. त्यांच्यासाठी 2010 साली 1 अब्ज 25 कोटी डॉलरांची वेगळी तरतूद करावी लागली. तोवर पुष्कळ म्हातारे शेतकरी वारले होते.

बंधुभगिनींनो, आपल्याकडे 1920 च्या जानेवारीत ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे देऊ केले असूनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही. मागच्या पानावर जागा कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न आपल्यालाही तेव्हापासूनचा आहे. आज जागा मिळते, पण नजर जात नाही. 1958 च्या कायद्याने महार वतने खालसा झाली आणि ती जमीन पूर्वीच्या वतनदारांना पुन्हा देण्याची सोय झाली. त्या जमिनींवर आज किती वारस आहेत, आणि त्यांतले किती मुंबईच्या चाळीत, किती पुण्याच्या वस्तीत, हे तुमचे तुम्हीच मोजा. फेरफाराची नोटीस गावच्या चावडीवर लागते. भूसंपादनाची अधिसूचना 2013 च्या कायद्याप्रमाणे दोन दैनिकांत, त्यांतील एका स्थानिक भाषेच्या दैनिकात, छापावी लागते, आणि हरकत घेण्यास प्रसिद्धीपासून साठ दिवस असतात. खासगी खरेदीपूर्वी वकील जी ‘जाहीर नोटीस’ देतात तिची मुदत याहून पुष्कळच कमी असते.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे आणखी एक कागद येतो, तो म्हणजे नाव अथवा धर्म बदलल्याची राजपत्रातील प्रसिद्धी. ‘नाव छापून आले तर गावात काय म्हणतील, नोकरीत काय होईल?’ असे मला पुष्कळ जण विचारतात. याझू सिटीची हकीगत ऐकल्यावर ही शंका पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु 1990 पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या सवलती कायम आहेत, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा स्वतंत्र कायदा आहे; त्या 53 जणांच्या हाती यांपैकी काहीही नव्हते. घरात एक धर्म आणि दाखल्यावर दुसरा, असे कागद पुढच्या पिढीने वारस म्हणून सोडवीत बसावयाचे, की आपणच ते आज सरळ करावयाचे, याचा निर्णय प्रत्येक घराने नवरा-बायको दोघांनी मिळून करावा.

माझी सूचना लहानशी आहे. रविवारी वंदना आटोपली की आपल्यातील एखाद्या शिकलेल्या मुलीने आठवड्यातील दैनिकांच्या मागच्या पानांवरील आपल्या तालुक्याच्या नोटिसा येथे मोठ्याने वाचाव्यात. गावाचे नाव, गट क्रमांक आणि हरकतीची शेवटची तारीख फळ्यावर लिहावी. आणि ज्यांची भावंडे परगावी आहेत त्यांनी त्याच दिवशी त्यांना कळवावे. फळा त्या कोपऱ्यात आहेच. गेल्या आठवड्याची दैनिके मी सोबत आणली आहेत. आज आपण त्यांपासूनच आरंभ करू.